बरणी, काच आणि पांढरा थर: घरच्या घरी टीएलसी

थिन लेयर क्रोमॅटोग्राफीला, म्हणजे टीएलसीला, लागणारं निम्मं सामान घरातच सापडतं. झाकणाची बरणी, काचेची पट्टी, पेन्सिल, मोजपट्टी. एवढ्यावरून हा प्रयोग सोपा वाटतो आणि पहिली प्लेट हातात आली की हिरमोड होतो. थराचे पोपडे निघतात, ठिपक्यांना शेपट्या फुटतात, सगळे रंग एकाच पट्ट्यात वर निघून जातात. असं होतं ते बहुतेक वेळा चुकीच्या जागी केलेल्या काटकसरीमुळे. बरणी कितीही साधी चालते, ओव्हनही जुनापुराणा चालतो. पावडरचे कण मात्र कसेही चालत नाहीत, आणि ठिपका तर मुळीच नाही. पैसे कुठे वाचवायचे आणि वेळ कुठे घालवायचा, हे कळलं की घरच्या प्लेटवरही चांगलं काम होतं.

आधी आत काय घडतं ते पाहू. काचेवर पांढऱ्या पावडरचा पाव मिलिमीटर जाडीचा थर असतो. तळाशी मिश्रणाचा ठिपका लावायचा आणि प्लेट थोड्याशा द्रावकात उभी करायची. केशाकर्षणाने द्रावक थरातून वर चढतो आणि ठिपक्यातले पदार्थ सोबत ओढत नेतो. मात्र पावडरही त्यांना धरून ठेवत असते. सिलिका जेलच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात, आणि ज्या रेणूंवर विद्युतभार असमान वाटला गेलेला आहे, म्हणजे जे ध्रुवीय आहेत, ते या जोड्यांना घट्ट चिकटतात. तेलकट, अध्रुवीय रेणू फारसे चिकटत नाहीत, ते द्रावकाबरोबर पुढे निघून जातात. प्रत्येक रेणू हजारो वेळा चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. चिकटून राहण्याच्या वेळेत जरासा फरक असला तरी काही सेंटिमीटरांच्या प्रवासात तो डोळ्यांना दिसेल इतका वाढतो.

ही चिकटण्याची जागा किती असते याचा अंदाज सहसा येत नाही. टीएलसीच्या सिलिका जेलचं एका ग्रॅमचं अंतर्गत पृष्ठफळ साधारण ५०० चौरस मीटर भरतं, कारण प्रत्येक कण आतून सच्छिद्र असतो. सूक्ष्मदर्शकाच्या एका स्लाइडवर जेमतेम पाव ग्रॅम पावडर बसते. म्हणजे बोटाएवढ्या पट्टीवर शंभर चौरस मीटरपेक्षा जास्त जागा. ठिपक्यात पदार्थ असतो दहा-वीस मायक्रोग्रॅम. जागा आणि माल यांचं हे प्रमाण बिघडलं की विलगीकरण बिघडतं, म्हणूनच ठिपका लहान आणि पातळ हवा. त्याकडे पुढे येऊच.

या तंत्राची सुरुवातही जुगाडातूनच झाली. मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खडूच्या भुकटीने भरलेल्या काचेच्या नळीतून पानांचा अर्क सोडून रंगद्रव्यं वेगळी केली. १९३८ मध्ये खारकिव्ह इथे इझमाइलॉव्ह आणि श्रायबर यांनी नळी बाजूला ठेवली आणि अॅल्युमिनाची पेस्ट थेट सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर पसरली. औषधी वनस्पतींचे अर्क तपासायला त्यांना झटपट रीत हवी होती. त्यांचा थर सुटा असायचा, फुंकर मारली तरी उडेल असा. १९५१ मध्ये कर्शनर आणि सहकाऱ्यांनी पावडरमध्ये स्टार्च मिसळून थर काचेला चिकटवला. मग १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात एगॉन स्टाल यांनी कणांचा आकार, थराची जाडी, बंधक म्हणून जिप्सम आणि थर पसरायचं यंत्र, हे सगळं ठरवून दिलं. तिथून टीएलसी जगभरच्या प्रयोगशाळांत पोचली. घरी आपण जे करतो ते श्रायबर आणि स्टाल यांच्या मधलं कुठेतरी असतं.

पावडर: इथे घाई नको

सर्वात सोपा मार्ग म्हणजे टीएलसीसाठीच बनवलेलं सिलिका जेल विकत घेणं. पाकिटावर ‘जी’ हे अक्षर असेल तर त्यात जिप्सम आधीच मिसळलेलं असतं. ते मिळत नसेल तर ओलावा शोषणाऱ्या पुड्यांमधले सिलिकाचे मणी दळता येतात. पण दोन गोष्टी आधी पाहा. निळे मणी घेऊ नका; तो निळा रंग बहुधा कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि त्याची धूळ अंगावर घ्यायच्या लायकीची नाही. पांढरे, बिनरंगी मणीच घ्या. दुसरं, या मण्यांची छिद्रं फार बारीक असतात, दोन-तीन नॅनोमीटरची. टीएलसीच्या सिलिकाची साधारण सहा नॅनोमीटरची असतात. हरितद्रव्यासारख्या मोठ्या रेणूला बारीक छिद्रांत शिरणं अवघड जातं, त्यामुळे मोठं आतलं पृष्ठफळ असूनही त्याचा बराच भाग वाया जातो. काम होतं, पण ठिपके जरा कमी सुटे होतात.

दळताना पावडर ओली ठेवा. खलात मणी घालून पाणी ओता, ते शोषल्यावर तडतड करून फुटतात, मग घोटा. कोरडी सिलिका दळली की तिची धूळ हवेत तरंगते आणि श्वासावाटे आत जाते. जेल प्रकारची सिलिका अस्फटिक असते, ती वाळूच्या स्फटिकी धुळीइतकी घातक नाही. तरीही फुप्फुसात साठवण्याची ती वस्तू नव्हे. कोरडी पावडर हाताळताना मास्क लावाच.

आता खरी गंमत. दळलेल्या पावडरमध्ये सगळ्या आकारांचे कण असतात. जाड कणांमधून द्रावक भराभर चढतो आणि ठिपके पसरट होतात. अगदी बारीक धुळीतून तो फारच हळू चढतो, वर थराला तडे जातात. आपल्याला हवेत साधारण १० ते ४० मायक्रॉनचे कण. एवढी बारीक चाळणी घरात नसते, पण पाण्याचं भांडं असतं. द्रवात बुडणाऱ्या कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे चौपट जाड कण सोळापट वेगाने खाली बसतो. पाण्याने भिजलेल्या सच्छिद्र सिलिकाचा ४० मायक्रॉनचा कण सेकंदाला सुमारे ०.४ मिमी खाली येतो. १० सेंमी उंचीचं पाणी पार करायला त्याला चार मिनिटं लागतात. १० मायक्रॉनच्या कणाला तेच अंतर जायला तासाभराहून थोडं अधिक.

मग कृती अशी. पावडर भरपूर पाण्यात ढवळा, पाण्याची उंची १० सेंमी ठेवा, चार मिनिटं थांबा आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. तळाला राहिलेला गाळ जाड आहे, तो पुन्हा दळायला घ्या. दुसऱ्या भांड्यातलं पाणी पुन्हा १० सेंमी उंचीवर तासभर राहू द्या. आता वर जे गढूळ उरलंय ती नको असलेली धूळ, ती ओतून टाका. तळाला बसलेला पांढरा थर हा आपला माल. ही क्रिया दोन-तीनदा करावी, कारण पहिल्या ओतण्यात थोडे बारीक कणही जाड गाळाबरोबर अडकतात. आकडे ढोबळ आहेत, पाणी कोमट असेल तर कण लवकर बसतात. तरी एका संध्याकाळच्या या कामाने प्लेटमध्ये जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही महाग उपकरणाने पडत नाही.

सिलिका नसेलच तर? नुसत्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या, म्हणजे भाजलेल्या जिप्समच्या, थरावरही पानांची रंगद्रव्यं वेगळी होतात. खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची भुकटीही चालते, त्स्वेतने तीच वापरली होती. मात्र फळ्यावर लिहायचे खडू अनेकदा जिप्समचे असतात, हे लक्षात ठेवा. पहिला अनुभव घ्यायला हे पदार्थ बरे, पण सिलिकाची धरण्याची ताकद त्यांच्यात नाही.

काच आणि थर

सूक्ष्मदर्शकाची स्लाइड साधारण ७५ मिमी लांब आणि २५ मिमी रुंद असते. आपल्या कामाला ती नेमकी पुरते. काच भांडी घासायच्या साबणाने धुवा, भरपूर पाण्याने खळबळा. पाणी काचेवर सलग पसरलं पाहिजे. थेंब थेंब राहत असतील तर तेलकटपणा उरलाय, आणि तिथेच उद्या थर सुटणार. नंतर काच फक्त कडांनी धरा.

पसरायचं यंत्र म्हणजे चिकटपट्टी. पाच-सहा स्लाइड एकमेकींना लांब बाजूंनी टेकवून सपाट पृष्ठावर ठेवा. या रांगेच्या वरच्या आणि खालच्या कडेवरून कागदी चिकटपट्टीचे दोन-तीन थर द्या, म्हणजे ०.३ ते ०.४ मिमी उंचीच्या दोन रुळांसारख्या कडा तयार होतात. थर वाळताना आकसतो, म्हणून ही उंची पाव मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त ठेवायची. काचेची सरळ कांडी या दोन कडांवर टेकवून ओढली की मधला लगदा सारख्या जाडीचा पसरतो.

लगद्यासाठी १० ग्रॅम सिलिका, सव्वा ते दीड ग्रॅम प्लास्टर ऑफ पॅरिस आणि २० ते २५ मिलि पाणी. स्टालच्या ‘जी’ सिलिकात जिप्समचं प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास असतं, हे त्याच अंदाजाचं आहे. झाकण लावलेल्या बाटलीत अर्धा-एक मिनिट हलवा. लगदा भिंतीला लावायच्या पातळ रंगाइतका वाहता हवा. इथून पुढे वेळ थोडा असतो, कारण प्लास्टर घट्ट होऊ लागतं आणि तीन-चार मिनिटांनंतर लगद्यात गाठी दिसायला लागतात. एका टोकाला ओता आणि कांडी एकाच दमात दुसऱ्या टोकापर्यंत न्या. मागे फिरून डागडुजी करू नका, केलेली जागा वाळल्यावर हमखास ओळखू येते. खालचं पृष्ठ हलकेच एकदोनदा ठोकलं की कांडीच्या रेषा मुरून जातात.

प्लेटा हवेत वाळू द्या, थराची ओली चमक पूर्ण गेली पाहिजे. मग १०५ ते ११० अंशांवर अर्धा तास तापवा. या तापवण्याने सिलिकाच्या पृष्ठभागावर बसलेलं पाणी निघून जातं आणि चिकटायच्या जागा मोकळ्या होतात. तापमान १२० च्या वर नेऊ नका. जिप्सम आपलं पाणी सोडतं आणि थर ठिसूळ होतो. अन्न शिजवायचा ओव्हन यासाठी वापरू नये. तयार प्लेटा घट्ट डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुडीसोबत ठेवा. दमट हवेत उघडी राहिलेली प्लेट काही मिनिटांतच पुन्हा पाणी धरते, आणि तिच्यावरचे सगळे ठिपके नेहमीपेक्षा वर जातात.

वापरण्याआधी एक छोटं काम आहे. दोन्ही लांब कडांवरचा थर दोन मिलिमीटर रुंदीने खरवडून टाका. कडेला थर जाड-पातळ असतो आणि तिथे द्रावक वेडावाकडा चढतो.

बंधक म्हणून स्टार्चही चालतो, थर अधिक टणक होतो. पण पुढे आयोडीनच्या वाफेत प्लेट ठेवायची असेल तर स्टार्चने ती आख्खी निळी-काळी होते. माझं मत जिप्समच्या बाजूने आहे.

आणि खरं सांगायचं तर, ज्याला थर बनवण्यात रस नाही, फक्त विलगीकरण पाहायचंय, त्याने अॅल्युमिनियमच्या पत्र्यावरच्या तयार प्लेटा घ्याव्यात. २० बाय २० सेंमीच्या एका पत्र्यातून अडीच सेंमी रुंद आणि साडेसहा सेंमी लांब अशा २४ पट्ट्या कात्रीने निघतात. तीही काटकसरच आहे.

ठिपका

लगद्याइतकीच मेहनत इथे घ्या. समजा द्रावक पाच सेंमी चढला आणि पदार्थाने कापलेलं अंतर भागिले द्रावकाने कापलेलं अंतर, या गुणोत्तरात दोन पदार्थांमध्ये ०.०६ चा फरक आहे. म्हणजे त्यांच्या मध्यबिंदूंमध्ये तीन मिलिमीटरचं अंतर पडलं. सुरुवातीचा ठिपका दोन मिलिमीटरचा असेल तर ते वेगळे दिसतील. पाच मिलिमीटरचा असेल तर एकच लांबट डाग दिसेल, मग प्लेट कितीही उत्तम असो.

बारीक ठिपक्यासाठी बारीक नळी हवी. काचेची पातळ नळी मधोमध ज्योतीत फिरवत मऊ करा, ज्योतीबाहेर काढा आणि मगच दोन्ही हातांनी ओढा. केसासारखी बारीक नळी मिळते, ती तुकड्यांत मोडा. डोळ्यांवर चष्मा असू द्या, आणि हे काम द्रावकाच्या बाटल्या बाहेर काढण्यापूर्वी उरकून घ्या. इन्सुलिनची सिरिंज वापरायचा मोह होतो. यू-१०० प्रकारच्या सिरिंजवरचं एक युनिट म्हणजे १० मायक्रोलिटर, आपल्याला हवा एक मायक्रोलिटर किंवा त्याहून कमी. दट्ट्या दाबून काम होणार नाही, सुईचं टोक नुसतं टेकवावं लागतं. काचेची नळी बरी.

द्रावण एक टक्क्याचं असेल तर एका मायक्रोलिटरमध्ये १० मायक्रोग्रॅम पदार्थ असतो, तेवढा पुरतो. अर्क फिका असेल तर एकाच जागी पुन्हा पुन्हा टेकवा, पण प्रत्येक वेळी आधीचा ठिपका वाळू द्या. ठिपक्यांची रेषा खालच्या कडेपासून आठ ते दहा मिलिमीटरवर, पेन्सिलीने, थर न खरवडता. पेनाची शाई स्वतःच विलग होऊन वर चढते आणि नको ते रंग दाखवते.

बरणी आणि द्रावक

बरणीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. काचेची, सरळ बाजूंची, घट्ट झाकणाची. तळाला तीन-चार मिलिमीटर द्रावक; ठिपके त्यात बुडता कामा नयेत, नाहीतर ते वर न चढता खालीच विरघळून जातील. आतून अर्ध्या भागाला गाळणकागद लावा, तो द्रावकाने भिजला पाहिजे, आणि प्लेट घालण्यापूर्वी झाकण लावून पंधरा मिनिटं थांबा. हा कागद अनेक जण वगळतात. बरणी वाफेने भरलेली नसेल तर चढता द्रावक प्लेटवरून उडत राहतो, कडांना जास्त, आणि कडेचे ठिपके मधल्यांपेक्षा वर जातात. तोच पदार्थ दोन ठिकाणी दोन उंचींवर दिसला तर तुलना कशाची करणार?

द्रावकांचा क्रम ध्रुवीयतेवर ठरतो. सर्वात कमी ताकदीचे हेप्टेन किंवा लायटरमध्ये भरायचा नॅप्था. त्यांच्या वर इथाइल अॅसिटेट आणि अॅसिटोन, त्यांच्या वर अल्कोहोल, शेवटी पाणी. ताकद म्हणजे चिकटलेल्या रेणूंना सिलिकावरून उठवण्याची ताकद. ठिपके तळाशीच बसून राहिले तर ध्रुवीय भाग वाढवा, सगळे टोकाला गेले तर कमी करा. हेक्झेन मिळत असलं तरी हेप्टेन घ्या. हेक्झेनची वाफ दीर्घकाळ श्वासात गेली तर शरीरात त्यापासून मज्जातंतूंना इजा करणारं संयुग तयार होतं. हेप्टेनपासून हा धोका फारच कमी. वाहनात भरायचं पेट्रोल वापरू नका, त्यात बेन्झीन असतं. नेलपॉलिश काढायच्या द्रवांत अॅसिटोन किंवा इथाइल अॅसिटेट असतं खरं, पण सोबत तेल, रंग, सुगंध आणि पाणीही असतं. कोणताही द्रावक पारखायचा तर त्याचा एक थेंब स्वच्छ काचेवर उडू द्या. डाग उरला तर तो द्रावक प्लेटसाठी नाही.

मिश्रणाचं प्रमाण ठरवायला दरवेळी पूर्ण प्लेट खर्ची घालू नका. एका खराब प्लेटवर अर्काचे चार-पाच ठिपके दूर दूर लावा आणि प्रत्येकाच्या मधोमध वेगळ्या मिश्रणाचा एकेक थेंब सोडा. रंग वर्तुळाकार पसरतात. वर्तुळं एकमेकांपासून सुटी दिसली, पण बाहेरच्या कडेला जाऊन चिकटली नाहीत, तर ते मिश्रण वापरा. १९३८ मध्ये इझमाइलॉव्ह आणि श्रायबर हेच करत होते, त्यांची सगळी पद्धतच एवढी होती.

पाणी सोडलं तर हे सगळे द्रावक चटकन पेट घेतात आणि त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती टेबलावरून खाली वाहत दूरच्या ज्योतीपर्यंत पोचू शकते. उघड्या खिडकीशी, थोड्या प्रमाणात, आसपास ज्योत किंवा ठिणगी नसताना काम करा. ओली प्लेट ओव्हनमध्ये कधीही घालायची नाही.

द्रावक चढताना वेळेचा अंदाज ठेवा. अंतराचा वर्ग वेळेच्या प्रमाणात वाढतो. पहिले तीन सेंमी चार मिनिटांत झाले तर सहा सेंमीला सोळा मिनिटं लागतील. म्हणून लांब प्लेटचा हट्ट करण्यात अर्थ नाही. वेळही जातो आणि ठिपके पसरतातही. वरच्या कडेपासून एक सेंमी उरला की प्लेट बाहेर काढा आणि द्रावकाची सीमा लगेच पेन्सिलीने आखा. अर्ध्या मिनिटात ती दिसेनाशी होते.

न दिसणारं पाहणं

पानांचे रंग आपोआप दिसतात, म्हणून सुरुवात त्यांनीच करावी. बाकी बहुतेक पदार्थ बिनरंगी असतात. त्यांच्यासाठी स्वस्तातली उत्तम युक्ती म्हणजे आयोडीन. घट्ट झाकणाच्या बरणीत आयोडीनचे चार-दोन स्फटिक टाका, वाळलेली प्लेट आत ठेवा. जिथे सेंद्रिय पदार्थ आहे तिथे वाफ गोळा होऊन तपकिरी ठिपके उमटतात. ते बाहेर काढल्यावर विरत जातात, तेव्हा लगेच पेन्सिलीने घेर आखून घ्या. आयोडीनची वाफ डोळ्यांना आणि श्वासनलिकेला झोंबते, धातूही खाते. बरणी आत खोलीत उघडी ठेवू नये. दुकानात मिळणारं आयोडीनचं टिंक्चर याला उपयोगी नाही, त्यात अल्कोहोल आणि पाणीच जास्त.

दुसरी युक्ती अतिनील टॉर्च. ३६५ नॅनोमीटरचा एलईडी टॉर्च स्वस्त असतो आणि अंधाऱ्या खोक्यात छान काम देतो. पण तो फक्त स्वतः चमकणारे पदार्थ दाखवतो: हरितद्रव्य लाल चमकतं, क्विनीन निळं. प्रयोगशाळेत दिसणाऱ्या हिरव्या चमकत्या पार्श्वभूमीवरचे काळे ठिपके वेगळ्या तत्त्वाचे. तिथे थरात मँगनीजयुक्त झिंक सिलिकेट मिसळलेलं असतं आणि दिवा २५४ नॅनोमीटरचा असतो. घरच्या थरात ते चमकद्रव्य नसल्याने २५४ चा दिवा आणून फारसा फायदा नाही. शिवाय तो जंतुनाशक दिव्यांचा प्रकाश आहे, डोळे आणि त्वचा दोन्ही भाजतो. चमकद्रव्यासाठी जुनी ट्यूबलाइट फोडायचा विचार मनात आला तर सोडून द्या, तिच्यात पारा असतो.

प्रत्येक प्लेटचा फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून घ्या. ‘इमेजजे’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात ठिपक्यांची अंतरं आणि गडदपणा दोन्ही मोजता येतात.

आकडा आणि त्याची किंमत

ठिपक्याने कापलेलं अंतर भागिले द्रावकाने कापलेलं अंतर, याला आरएफ म्हणतात. द्रावक पाच सेंमी आणि ठिपका २.२ सेंमी चढला असेल तर आरएफ ०.४४. हा आकडा पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहायची इच्छा होते. घरच्या प्लेटवर तसं करू नका. हवेतला ओलावा, थराची जाडी, कणांची छिद्रं, बरणीतली वाफ, सगळ्यांनी तो बदलतो. कालच्या आणि आजच्या प्लेटचेही आकडे जुळतील असं नाही.

तुलना करायची ती एकाच प्लेटवर. शेजारी शेजारी तीन ठिपके: अज्ञात नमुना, ओळखीचा पदार्थ, आणि मधल्या जागी दोन्ही एकावर एक. मधल्या रांगेत एकच गोल ठिपका आला तर दोन्ही एक असण्याची शक्यता आहे. ठिपका लांबट झाला किंवा त्याचे दोन झाले तर ते वेगळे आहेत, हे मात्र नक्की. नकार पक्का असतो, होकार कच्चा. दोन भिन्न पदार्थ एका द्रावकात एकाच उंचीवर येऊ शकतात, म्हणून होकार दुसऱ्या, वेगळ्या स्वभावाच्या द्रावकात पुन्हा तपासतात. एवढी काळजी घेतली तर साध्या सामानावरही गंभीर काम होतं: बनावट औषधं ओळखण्यासाठी जर्मनीच्या ग्लोबल फार्मा हेल्थ फंडाने जे मिनीलॅब बनवलं, त्याचा गाभा टीएलसीच आहे. अर्थात तिथे प्रत्येक औषधाचा प्रमाण नमुना सोबत दिलेला असतो. घरच्या प्लेटवरून एखादी गोळी खाण्याजोगी आहे की नाही, रानातली आळंबी विषारी आहे की नाही, हे ठरवू नये.

पानांकडे परत येऊ, कारण घरच्या प्लेटची परीक्षा त्यांच्यावर उत्तम होते. पान पुसून कोरडं करा, थोड्या अॅसिटोनमध्ये खला, गाळा. त्यात नॅप्था आणि मिठाचं पाणी घालून हलवलं की रंग वरच्या नॅप्थाच्या थरात येतो. तोच थर वापरा, कारण पाणी मिसळलेला ठिपका प्लेटवर पसरतो. सात भाग हेप्टेन आणि तीन भाग अॅसिटोन इथून सुरुवात करा. सर्वात वर पिवळं-नारिंगी कॅरोटीन, खाली निळसर हिरवं हरितद्रव्य अ, त्याच्या किंचित खाली पिवळसर हिरवं ब, आणि त्यांच्याखाली झँथोफिलचे पिवळे ठिपके. कागदावर हाच प्रयोग केला असेल तर बुचकळ्यात पडाल, कारण तिथे झँथोफिल हरितद्रव्यांच्या वर असतं. कागदातला सेल्युलोज आणि सिलिका यांची धरण्याची तऱ्हा वेगळी, म्हणून क्रमही वेगळा.

सिलिकावर आणखी एक ठिपका दिसतो, कॅरोटीन आणि हरितद्रव्य यांच्या मध्ये, राखाडी. तो फिओफायटिन. हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो; आम्लाने तो निघून गेला की हिरवा रंग राखाडी होतो. आता प्रश्न असा, की हे पानात किंवा अर्कातच झालं, की सिलिका स्वतः किंचित आम्लधर्मी असल्यामुळे प्लेटवर झालं? याचं उत्तर त्याच बरणीत मिळतं. दोन स्लाइडच्या रुंदीएवढी चौकोनी प्लेट घ्या, तिच्या एका कोपऱ्यात एकच ठिपका लावा आणि एका दिशेने द्रावक चढू द्या. वाळवा, अंधारात एक-दोन तास राहू द्या, मग प्लेट काटकोनात फिरवून त्याच द्रावकात पुन्हा चढवा. जे पदार्थ बदलले नाहीत ते दोन्ही दिशांना सारखेच सरकतात, म्हणून ते सगळे कोपऱ्यातून निघणाऱ्या कर्णावर ओळीने बसतात. फिओफायटिन अर्कातच असेल तर तेही कर्णावर दिसेल. प्लेटवर तयार झालं असेल, तर पहिल्या फेरीत ते हरितद्रव्य म्हणून चाललं आणि दुसऱ्या फेरीत फिओफायटिन म्हणून पुढे गेलं. अशा वेळी राखाडी ठिपका हरितद्रव्याच्याच रांगेत, पण कर्णाच्या बाहेर, दुसऱ्या दिशेने पुढे सरकलेला दिसतो. तसा दिसला तर पुढच्या लगद्यात थोडी कॅल्शियम कार्बोनेटची बारीक भुकटी मिसळा आणि तीच चौकोनी प्लेट पुन्हा चढवून पाहा.